गाठीशेजारचं पान

१२ ऑगस्ट

प्रिय माऊ,

सगळे नमस्कार आधीच घेऊन टाक, म्हणजे नंतर "नमस्कार विसरलीस" अशी कुरकुर नको. मी मजेत आहे. वेळेवर जेवते. चष्म्याची काडी अजून बदललेली नाही, पण बदलणार आहे. झालं, तुझे सगळे प्रश्न संपले.

घर आहे तिथंच आहे. खालच्या बेकरीवाल्या बाईंनी जिन्याला हिरवा रंग दिलाय, वर येताना काकडीच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. तुझी शिवणाची खोली मी झाडते, पण टाचण्या काही संपत नाहीत. तू बेटावर जाऊन वर्ष होत आलं, लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या फरशीवरून फिरवलं, तरी परवा टाचेत एक घुसलीच. मी मटकन खाली बसले. टाचणी काढली आणि ती हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिले. ते असो.

फुलं आली! शेतात सकाळी गेलं की कपाशीची फुलं पांढरी असतात, दुसऱ्या दिवशी तीच गुलाबी होतात, मग सुकून गळतात आणि मागे हिरवं बोंड राहतं. त्यामुळे पांढरं फूल दिसलं की लगेच त्याला खूण बांधायची, म्हणजे त्याचं वय पक्कं झालं. आमच्या कापूस संशोधन केंद्रातल्या कागदी चिठ्ठ्या पावसात विरघळतात. म्हणून मी तुझे उरलेले दोऱ्याचे रीळ नेले. रागावू नकोस, चांगले ठेवलेत, फक्त निळा, पिवळा आणि पांढरा नेलाय.

आता मी नक्की काय करते ते सांगते. तू जाताना म्हणाली होतीस ना, "बाहेर लोकांना काय सांगू, माझी खारू शेतात बसून काय बघते?" तर ऐक. पान हवेतला कार्बन घेतं आणि उन्हावर त्याची साखर करतं. ती साखर देठातून बोंडात जाते. बोंडाच्या आत सरकी असते, आणि सरकीच्या सालीवरची एकेक पेशी ताणत ताणत केसासारखी लांब होते. तोच कापसाचा तंतू. आधी नुसती लांबी, आतून पोकळ. मग भरण सुरू होते, थरावर थर. म्हणजे तू जन्मभर जे कापड बेतत होतीस ती मुळात हवा होती, उन्हात शिजवलेली.

प्रश्न एवढाच की कुठल्या बोंडाला कुठलं पान जेवू घालतं? प्रत्येक बोंडाच्या अगदी गाठीशेजारी एक पान असतं. बहुतेक पोसणं त्याचंच, हे जुन्या लोकांनी शोधून ठेवलंय. पण ते पान आधी उमललेलं असतं. बोंडाची भूक सगळ्यात जास्त असते तेव्हा त्या पानाची उमेद उतरणीला लागलेली असते. मग उरलेलं कुठून येतं? आणि ते पान मुळातच नसलं तर?

म्हणून काही फुलांशेजारचं पान मी पहिल्याच दिवशी खुडून टाकते आणि निळा दोरा बांधते. मग मागच्या खोडावर जे मोठं पान असतं त्याला पारदर्शक पिशवी घालायची, कडा चिकटवायच्या आणि आत थोडा जड कार्बन सोडायचा. तो नेहमीच्या कार्बनसारखाच, फक्त वजनाला किंचित भारी. विषारी नाही, घाबरू नकोस. पान तो गिळतं. पुढे बोंड तोडून, वाळवून, दळून यंत्रात जाळलं की यंत्र सांगतं, त्या पानाचं या बोंडात किती आलं. पिवळ्या दोऱ्याच्या बोंडांचं पान जागेवर असतं आणि पिशवी त्यालाच. पांढऱ्यांचंही पान जागेवर, पण पिशवी खोडावरच्या पानाला, तुलनेसाठी. इतकंच.

केंद्रात एक नवा यंत्रवाला आलाय. उंच आहे, दारातून येताना दरवेळी वाकतो, वाकायची गरज नसलेल्या दारातूनसुद्धा. त्याने काल सहज विचारलं, "तुझी आई कुठे असते?" मी म्हटलं, "बेटावर." मग तो बेटाबद्दल विचारत राहिला, आणि मला सांगावं लागलं की आई मी पाच वर्षांची असताना बाबांबरोबरच वारली, बेटावर आहे ती तिची धाकटी बहीण. तो ओशाळला. मी म्हटलं, अरे, तुझं काही चुकलं नाही.

तुझे दिवेवाले बरे आहेत ना? घोरतात का गं? एवढ्या मोठ्या नाकाचा माणूस घोरत नसेल असं मला तरी वाटत नाही. दीपगृहात आवाज घुमत असेल.

फोन करू नकोस, तिथून फोन लागला तरी नुसता वारा ऐकू येतो. पत्रच लिही. लांब लिही.

तुझी,
खारू


२ सप्टेंबर

प्रिय माऊ,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणजे चार ओळी. "मी छान आहे, समुद्र छान आहे, हे छान आहेत, जपून राहा." अगं, बेकरीवाल्या बाई दुधवाल्याला याहून मोठी चिठ्ठी लिहितात. आणि ओळी अशा उताराला लागलेल्या, जणू बोटीत बसून लिहिलंस. घाईत होतीस का? पूर्वी तू गिऱ्हाइकाच्या मापाचा कागदसुद्धा रेघ मारल्यासारखा लिहायचीस.

मी तक्रार करत नाहीये.

इथे आभाळ गच्च भरून राहिलंय. पाऊस धड पडत नाही आणि ऊन तर नाहीच. ऊन नाही म्हणजे साखर नाही. झाडाने काय केलं असेल? कोवळी बोंडं टाकून द्यायला सुरुवात केली. सकाळी गेले तर सरीत निळे दोरे पडलेले, दोऱ्याला बोराएवढं बोंड लटकलेलं. मी ओणवी होऊन गोळा करत होते, तेवढ्यात मागून आमच्या बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या प्रमुख, ज्यांना तू "कडक कॉलर" म्हणायचीस. म्हणाल्या, "रडायला लागू नकोस. झाडाला जेवढं पोसवतं तेवढंच ते ठेवतं. जी थोडी मोठी झालीत ती आता सोडणार नाही. त्यांच्याकडे बघ."

"पण निळ्यातली फारच गेली, बाई. उरली नाहीत तर यंदाचं सगळं वाया."

"मग दुसऱ्या सरीतली फुलं धर. अजून फुलतंय झाड."

कडक कॉलर, पण माणूस बरा. मी पुन्हा फुलं धरायला लागले आहे. सकाळभर सरीत गुडघ्यावर, एका हातात कात्री, तोंडात दोऱ्याचं टोक. यंत्रवाला म्हणाला, तू अगदी शिंपिणीसारखी दिसतेस. त्याला वाटलं मी चिडेन. मी त्याला म्हटलं, परत म्हण.

खरं सांगू, तू तुझ्या शिवणाच्या दुकानात दात लावून दोरा तोडायचीस तो आवाज मला इथे सरीत ऐकू येतो. तोडते मीच, पण ऐकू तुझा येतो. ते असो.

तुला तिथे खूप काम असतं का? दिवेवाल्यांना रात्रभर दिव्याची काळजी, मान्य. पण दिवसा तरी तुला कागद-पेन घेऊन बसायला मोकळं सोडतात की तेव्हाही कोटाचं अस्तर उसवून आणतात? तो कोट! माणूस दर सुट्टीला तोच कोट घेऊन दुकानात यायचा. शेवटी शेवटी त्यात उसवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी तू गंभीर चेहऱ्याने म्हणायचीस, "उद्या या." मला कळायला हवं होतं.

यंदा बोंडं फुटायला लागली की ये ना. चारच दिवस. पहिली वेचणी तू बघितलेलीच नाहीस कधी. तुला खिडकीजवळची खाट देते, मी खाली झोपेन.

लिही. निदान आठ ओळी.

तुझी,
खारू


२३ सप्टेंबर

प्रिय माऊ,

हात मुरगळला म्हणतेस? कशाने? आणि मुरगळला म्हणून तू पत्र त्यांना सांगून लिहून घेतलंस? पाकीट फोडलं तर आतून सरकारी नोंदीसारखं अक्षर. आधी वाटलं, दीपगृह खात्याची नोटीस आली.

पण मजकूर तुझाच, त्यात शंका नाही. त्यांच्या त्या शिस्तशीर अक्षरात "हे बघ गं बये" वाचताना मला हसूच फुटलं. मग पुढे वाचलं आणि हसू गेलं. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तू लिहवून घेतलंस:

"तू मला पानांचं सांगतेस की माझं सांगतेस, ते कळण्याइतकी मी शहाणी आहे. पिकलं पान म्हणायचं असेल तर सरळ म्हण. पण मी काही पान नाही. तुला वाढवताना मी वाळले नाही. मला तू आवडायचीस म्हणून वाढवलं. सकाळी तुझ्या वेण्या घालताना मी गाणी म्हणायचे, ती काय त्याग म्हणून? आणि मला या माणसाशी लग्न करायचं होतं म्हणून केलं. माझं देऊन संपलं आणि मी इथे येऊन पडले, असलं काही डोक्यात घेऊन शेतात बसू नकोस. झाडाचं झाडापाशी ठेव."

माऊ, शपथेवर सांगते, मी झाडाचंच लिहिलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. पण तुझं वाचल्यावर सरीत गेले आणि एका पिवळ्या दोऱ्याशेजारचं पान बघितलं. कडेने पिवळं पडत चाललेलं, आणि बोंड मात्र टच्च, हिरवं. आणि माझ्या तोंडून निघालं, माऊ. म्हणजे तुझं खरंच होतं की. तू गेल्यापासून मी तुझ्याकडे असंच बघत होते, दमून गेलेलं माणूस म्हणून. तू दमून गेली नव्हतीस. तू हौसेने गेलीस. नवी चप्पल घालून गेलीस.

यातलं दुसरं स्वीकारायला मला जास्त जड जातंय. ते असो.

एक मजेची गोष्ट सांगते, यात तू नाहीस, मीही नाही, खरोखर बोंडाचीच आहे. बोंडाचं हिरवं टरफल असतं ना, ते स्वतःसुद्धा थोडी साखर करतं. आत वाढणारी सरकी श्वास सोडते, तिच्या श्वासातला कार्बन टरफल आतल्या आत पकडतं आणि पुन्हा वापरतं. बाहेर फारसं जाऊच देत नाही. पोट भरण्याइतकं नाही होत त्यात, पण वाया काही जात नाही. यंत्रवाला म्हणाला, "काटकसरी आहे." मी म्हटलं, "आमच्या माऊसारखं." अरे देवा, पुन्हा आलीस तू.

वेचणीला येत नाहीस हे कळलं. "बोटीचा भरवसा नाही" हे कारणही कळलं. बोट दर आठवड्याला येते, माऊ. माझी पत्रं तिच्याच पोटातून जातात. यायचं नसेल तर तसं सांग, मी काही लहान नाही. हात बरा झाला की स्वतः लिही. त्यांच्या अक्षरातून तू मला लांब वाटतेस.

तुझी,
खारू


१६ ऑक्टोबर

प्रिय माऊ, आणि काका,

हो, काका. दोघांना लिहिते आहे, कारण पत्र कोण वाचतंय ते मला आता ठाऊक आहे. काका, घसा खाकरू नका, आणि एकही शब्द गाळू नका. गाळलात तर तिला कळतंच, हे तुम्हीच मला सांगितलंत.

माऊ, गेल्या आठवड्यात तुझा नवरा दिव्याची काच आणायला म्हणून बोटीने गेला होता ना? काच त्याने आणली, ते खरं. पण त्याआधी तो माझ्याकडे आला होता.

मी सरीत होते. राखणदाराने बांधावरून हाक मारली, "ताई, बोटीवरचे कुणी आजोबा आलेत." बघते तर तो कोट. टोपी हातात. दोन सरींमधून असे तिरके तिरके पाय टाकत आले, जणू जमीन हलत होती. मला वाटलं तुझं काही बरं-वाईट झालं. ते लांबूनच म्हणाले, "ती ठीक आहे. आधी तेच सांगतो. ठीक आहे."

मग ते झाडांकडे बघत राहिले. एक बोंड नुकतं तडकलं होतं, फटीतून पांढरं डोकावत होतं. त्यांनी वाकून दोरा बघितला आणि म्हणाले, "निळा. म्हणजे याच्या शेजारचं पान तुम्ही पहिल्याच दिवशी खुडलेलं. हे मागच्या खोडावरच्या पानावर वाढलं."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. "वाचतो ना मी."

"काय वाचता?"

"तुमची पत्रं. तिला. मोठ्याने."

माऊ, मला आधी रागच आला. खरंच आला. माझी पत्रं! मी विचारलं, "तिला काय झालंय वाचायला?"

तर म्हणाले, "डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेचं दिसतं. समुद्र दिसतो, जिना दिसतो, पण अक्षर नाही, सुईचं नेढं नाही. माझा चेहरा बघायचा असला की ती माझ्या कानाकडे बघते. मला पहिले काही दिवस वाटलं, कानालाच काही झालंय."

हे सांगताना ते हसले, आणि मग हसता हसता थांबले.

डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं त्यांनी. गेलेलं परत येणार नाही, पण पुरता अंधारही व्हायचा नाही. हात मुरगळलेला नव्हता, तेही सांगितलं. त्या चार उताराच्या ओळी तू कागदावर पट्टी धरून, अंदाजाने, सगळी दुपार घालवून लिहिल्या होत्यास. आणि मी तुला बेकरीवाल्या बाईंच्या चिठ्ठीशी तोललं.

"मला का नाही कळवलं?" मी विचारलं.

"ती म्हणते, कळलं तर खारू शेत टाकून धावत येईल. वर्षभराचं काम मातीत. मग मी ठणठणीत आहे हे तिला पटेपर्यंत माझं डोकं खाईल. मला शपथ घातली होती. पण गेल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, 'यायचं नसेल तर तसं सांग.' ते वाचून दाखवलं तेव्हा ती उठली आणि धुतलेले कपडे परत धुवायला घेतले. तेव्हा म्हटलं, आता शपथ-बिपथ पुरे."

माऊ, त्यांच्यावर रागावू नकोस. ते हे आत्ता तुला स्वतःच्याच तोंडाने वाचून दाखवताहेत. याहून मोठी शिक्षा काय देणार?

मग मला एकदम आठवलं. मी विचारलं, "तुम्ही सगळं वाचता? म्हणजे ते घोरण्याचंही?"

"वाचलं," ते म्हणाले. "घोरतो मी."

"आणि कोटाचं?"

"अस्तर मीच उसवायचो. ब्लेडने." आणि लाजले, माऊ! एवढ्या नाकाचा माणूस लाजला की कसा दिसतो, ते तू कडेने का होईना, बघितलं असशीलच.

आम्ही बांधावर बसलो. माझ्या डब्यातलं निम्मं त्यांना दिलं. त्यांनी सांगितलं, पत्र आलं की तू आधी पाकिटाचा वास घेतेस, मग त्यांना खिडकीशी बसवतेस. एकदा त्यांनी बोंडाचा भाग कंटाळवाणा वाटला म्हणून जरा उडवला, तर तू लगेच म्हणालीस, "ती इतक्या चटकन विषय बदलत नाही. मागे जा." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी डबा खाली ठेवला.

"तुम्ही मधूनच 'ते असो' लिहिता ना," ते म्हणाले, "तिथे ती मला थांबवते. म्हणते, इथं जरा थांबा, इथं तिला रडू आलंय. मग आम्ही दोघं गप्प बसतो थोडा वेळ. मग म्हणते, हं, वाचा."

आणि मला वाटत होतं की मी किती शिताफीने लपवते!

मी म्हटलं, "मी आजच येते तुमच्याबरोबर." ते जोरात मान हलवायला लागले. "नको. आलात तर ती आधी मला समुद्रात ढकलेल, मग तुम्हाला. हे सगळं फुटू दे, वेचून होऊ दे. तुमच्या त्या निळ्यांचं काय झालं ते तिला ऐकायचंय. रोज विचारते." मग उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "माझं पत्रांच्या बाबतीत चुकलंच. तुमचं तिच्याशी बोलणं होतं, मी मध्ये होतो."

मी म्हटलं, "तुम्ही नसता तर पोचलंच नसतं." आणि म्हटलं, मला अहो-जाहो करू नका, काका. ते म्हणाले, बघतो. जाताना राखणदाराला हात केला, मला केला, आणि लांब गेल्यावर कपाशीलाही केला बहुतेक.

आता निळ्यांचं. ऐक.

यंत्राने पहिल्या बोंडांचे आकडे दिले. शेजारचं पान खुडलेल्या बोंडांत खोडावरच्या पानाचा जड कार्बन चांगला भरभरून आलाय. पांढऱ्या दोऱ्याच्या बोंडांत त्याच पानाचं येतं, पण बेताचं. म्हणजे जवळचं पान असलं की लांबचं पान हात आखडतं ठेवतं, नसलं की सोडतं. पिकलेल्या बोंडांची रुईही मी काढून बघितली. निळ्यांचा तंतू लांबीला पिवळ्यांइतकाच वाटतोय. भरण मात्र थोडी कमी असावी, हाताला जरा हलका लागतो. बाई म्हणाल्या, "असावी, वाटतंय, हे शब्द मला चालत नाहीत. सगळं मोजून ये, मग बोल." पण जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून गेल्या. यंत्रवाल्याने ते बघितलं आणि दारात डोकं आपटून घेतलं, पहिल्यांदाच खरोखर.

मी यातून काही अर्थ काढत नाही. तू बजावलंयस. झाडाचं झाडापाशी.

माझं माझ्यापाशी मात्र ठेवणार नाही आता. शेत मोकळं व्हायला अजून तीन-चार आठवडे लागतील. बाईंकडे रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, माणसाला भेटायला जायचंय. म्हणाल्या, "मग किती दिवस ते मला सांगू नकोस, ये सावकाश." पुढच्या महिन्यात जी पहिली बोट मिळेल तिने येते. तुझे डोळे बरे करायला नाही, तुला घरी न्यायलाही नाही. तुझं घर तिथंच आहे, ते मला कळलंय. मी नुसती येते. तू माझ्या कानाकडे बघण्याची मलाही सवय करायची आहे, म्हणजे तू माझ्याकडे बघते आहेस की नाही ते मला ओळखता येईल.

काका, आता इथे थांबा. चष्मा पुसायचा असेल तर पुसा. मग तिचा हात हातात घ्या आणि पुढचं सावकाश वाचा. शब्द माझे आहेत, पण आवाज तुमचाच लागणार, त्याला इलाज नाही. आणि मला वाटतं, तुमचा चालेल.

माऊ, तुझं लग्न ठरायच्या आधी एके संध्याकाळी दुकान बंद करून आपण वर आलो होतो. तू ओढणी काढून खुर्चीवर टाकलीस आणि मला विचारलंस, "जाऊ का गं मी?" मी म्हटलं, "जा की, त्यात विचारायचं काय!" आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं. मला तू जायला नको होतीस. अजूनही केंद्रातून परत येताना मी रस्त्यातूनच वर बघते, खिडकीत कुणी आहे का. नसतं. तरी दुसऱ्या दिवशी बघते. तू विचारलंस आणि मी जा म्हटलं, ते बरोबरच केलं, पुन्हा विचारलंस तर पुन्हा तेच म्हणेन. पण मला तुझी आठवण येते. येते म्हणजे येऊन जात नाही. मुक्कामालाच आहे. मी तिच्याबरोबर जेवते, तिच्याबरोबर जिना चढते, आणि वर्षभर तुला लिहिताना तिला दुसऱ्या खोलीत बसवून ठेवलं होतं. आज तिला बाहेर आणलं.

बस, एवढंच होतं. हेच लिहायचं राहत होतं.

काका, खाली मी सही करत नाही. नाव तुम्ही घेऊ नका. ते तिलाच घेऊ दे.

तुझी,